हाव म्हणजे हो नव्हे

पुण्याच्या माणसाला 'हाव' म्हटलं की लोभ आठवतो. आम्हा वऱ्हाडातल्या लोकांचं हाव वेगळं. आमच्याकडे हाव म्हणजे हो. पण त्या होचाही काही भरवसा नाही. माझी आई फोनवर मावशीशी बोलायची तेव्हा निम्मा वेळ नुसतं हाव चालायचं. हाव... हाव... हाव बाप्पा... आणि फोन ठेवला की आमच्याकडे वळून म्हणायची, "काहीच्या काही सांगते ते. एक गोष्ट पटली नाई मले." म्हणजे ते हाव नुसता हुंकार असायचा. तू बोल, मी ऐकून राहिले, एवढाच त्याचा अर्थ. मोताळ्यापासून जळगाव जामोदपर्यंत कुणालाही विचारा, हे त्याला समजावून सांगावं लागणार नाही. पुढे जे झालं ते याच शब्दावरून झालं, म्हणून आधीच सांगून ठेवते.

मी एका जगभर पसरलेल्या कंपनीत काम करते. नाव सांगत नाही. सांगितलं तर तुम्ही 'अरे वा' म्हणाल, आणि मला त्या 'अरे वा'चा कंटाळा आलाय. मशीनला माणसाचं बोलणं समजावं म्हणून कंपनीने मराठीची एक टीम केली होती. ऑफिस पुण्यात, काचेचं. मी लॉकडाऊनमध्ये मोताळ्याला घरी आले ती परत गेलेच नाही. शेजारी पिठाची गिरणी, तिचा आवाज बंद असेल तेवढ्या वेळात मीटिंगमध्ये बोलून घ्यायचं, असा माझा कारभार. काम म्हणाल तर कानाला हेडफोन लावायचे, लोकांचे रेकॉर्ड झालेले फोन ऐकायचे आणि प्रत्येक वाक्याला खूण करायची. हा होकार, हा नकार, हा प्रश्न, ही तक्रार. अशा ढीगभर खुणांवरून मशीन शिकतं म्हणे. लहान मुलाला शिकवावं तसं, फक्त या मुलाला कंटाळा येत नाही आणि लाजही वाटत नाही.

त्याच टीममध्ये जळगाव जामोदची एक मुलगी होती. माझ्याहून बरीच लहान, कॉम्प्युटरचं मोठं शिक्षण घेतलेली, आणि माझ्यासारखीच घरून काम करणारी. तिच्या वडलांचं गाद्या-रजयांचं दुकान, कापूस पिंजायचं मशीन, पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा. पहिल्याच मीटिंगमध्ये ती बोलता बोलता "मले वाटते" म्हणून गेली आणि पुण्याची पोरं खुसखुसली. मी माइक सुरू करून म्हटलं, "काऊन हसून राह्यले? मले बी तसंच वाटते." मीटिंग संपताच तिचा फोन आला. "ताई, तुमी कोनत्या गावच्या व?" तेव्हापासून आमची गट्टी जमली ती जमलीच.

आमच्या कंपनीत कुणाला सर म्हणायचं नाही, नावाने हाक मारायची, असा नियम होता. मॅनेजर माझ्याहून सात-आठ वर्षांनी लहान, त्याला मी नावाने हाक मारायचे तेव्हा सुरुवातीला फार बरं वाटायचं. आपण सगळे सारखे, कुणीही कुणालाही काहीही विचारावं, असं तो दर महिन्याला सांगायचा. आम्हाला ते खरं वाटायचं. सासूने 'हे तुझंच घर आहे' म्हटल्यावर नव्या सुनेला वाटतं तसं.

पहिली लढाई त्या मुलीने जिंकली होती, तीही हावसाठीच. मशीनच्या शब्दांच्या यादीत हाव म्हणजे लोभ एवढंच होतं. वऱ्हाडातला माणूस फोनवर हाव म्हणाला की मशीन गोंधळायचं, नाहीतर तो आवाज केराच्या टोपलीत टाकायचं. तिने हट्टाने सगळ्यांना पटवलं, उदाहरणं गोळा केली, आणि हावला 'होकार' अशी खूण मिळवून दिली. मॅनेजरने सगळ्यांसमोर तिचं कौतुक केलं. तिच्या वडलांनी दुकानात येईल त्याला जिलेबी चारली. "माह्या पोरीनं मशीनले वऱ्हाडी शिकवली," असं ते सांगत, आणि लोक चक्क विचारत, मंग आता मशीन आपल्या घरी येईन का? आम्ही दोघी फोनवर खूप हसलो. तो आनंद खरा होता. आजही मला तो आठवतो आणि त्या आठवणीचा राग येतो.

मग कंपनीने ते मशीन शेतीपंप विकणाऱ्या एका कंपनीला विकलं. त्यांच्या तक्रारीच्या लाइनवर आता माणसाऐवजी मशीन बोलणार होतं. गोड बाईचा आवाज दिला होता त्याला. आम्ही ते फोन ऐकून तपासायचो. एक दिवस त्या मुलीने मला फोन केला आणि म्हणाली, "ताई, हे आइका जरा. आन् मले सांगा मी येडी हाओ का."

धाड गावाकडचा कुणी म्हातारा होता. मशीनने त्याला त्याच्या तक्रारीचा नंबर वाचून दाखवला. म्हातारा म्हणाला, हाव. मशीन म्हणालं, आमचा माणूस येऊन गेल्याची नोंद आहे. हाव. तुमची तक्रार मिटली आहे असं समजून ती बंद करू का? म्हातारा त्याच सुरात म्हणाला, "हाव... पन पंप तं सुरूच नाई झाला ना बाई." तोवर मशीनने आपलं हाव उचललं होतं. धन्यवाद, आपली तक्रार बंद करण्यात आली आहे. मग म्हाताऱ्याचा आवाज आला, घाबरलेला, "अवो बाई, मह्यं काई चुकलं का?" आणि फोन कट.

असे कितीतरी फोन. आम्ही दोघी आठवडाभर तेच ऐकत होतो. आमच्याकडची साधीसुधी माणसं, कुणी बोलत असलं की मध्येच गप्प बसणं ज्यांना उद्धटपणा वाटतो, ती हाव हाव करत होती आणि मशीन त्यांच्या तोंडावर दार लावत होतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. ती मुलगी रडली. म्हणाली, "ताई, हे मीच शिकवलं त्याले." मी तिला रागावले. शिकवणं वेगळं आणि त्या शिकवण्याचा असा वापर करणं वेगळं, असं काहीबाही बोलले. तिला ते पटलं नाही.

तिने मॅनेजरला सांगितलं. तिचं मागणं साधं होतं. तक्रार बंद करण्याआधी मशीनने एकदा उलटून विचारावं, पंप चालू झाला का? बस, एक प्रश्न. तोवर आमच्या भागातले फोन माणसाकडे द्यावेत. मॅनेजर म्हणाला, "मुद्दा छान आहे, आपण पुढच्या टप्प्यात नक्की घेऊ." घोडं कुठे पेंड खात होतं ते आम्हाला नंतर कळलं. तक्रारी पटापट बंद होतात, यावरच तर ते मशीन विकलं गेलं होतं. एक प्रश्न वाढला की ती पटापट गेली.

पुढचा टप्पा येईना. ती विचारत राहिली. मग सगळ्या कंपनीची ती मोठी ऑनलाइन बैठक आली. त्यात सर्वांत वरचे साहेब येतात, खांद्यावर स्वेटर टाकून, आणि म्हणतात, विचारा, काहीही विचारा. तिने हात वर केला. उभं आयुष्य जळगाव जामोदमध्ये काढलेली ती पोरगी, पण आवाज जरासुद्धा कापला नाही. तिने म्हाताऱ्याचं नाव-गाव काही न सांगता सगळी गोष्ट सांगितली आणि विचारलं की हे चुकतंय हे माहीत असूनही आपण ते चालू का ठेवलंय. साहेब हसले. उत्तम प्रश्न आहे म्हणाले. मग दुसऱ्याच कशाबद्दल बोलले. ती म्हणाली, "पण माझ्या प्रश्नाचं उत्तर..." आणि तिचा आवाज बंद झाला. तिचे ओठ हलताना आम्हाला दिसत होते. कुणीतरी तिकडून माइक बंद केला होता.

त्यानंतर अर्धा तास मला आमच्या कंपनीचा खरोखर अभिमान वाटला. बैठकीच्या बाजूला लिहायची जागा असते, तिथे एकामागून एक लोक लिहायला लागले, 'माझाही हाच प्रश्न आहे.' तमिळवाले, बंगालीवाले, ज्यांना मी कधी पाहिलं नाही असे. मीही लिहिलं. बैठक संपायच्या आत ती जागा बंद झाली, आणि दुसऱ्या दिवसापासून मॅनेजरचे एकेकट्याला फोन सुरू झाले.

मला म्हणाला, "तुम्ही सीनियर आहात. तुमच्याकडून परिपक्वतेची अपेक्षा आहे."

मी म्हटलं, "परिपक्व झालं की फळ गळून पडतं, माहीत आहे ना?"

तो हसला नाही. आठवड्याच्या आत माझं मराठीचं काम काढून घेतलं आणि मला ट्रेनिंगच्या व्हिडिओंखालची अक्षरं तपासायला बसवलं. बाकीचेही गप्प झाले. कुणाचं घराचं कर्ज, कुणाची बायको बाळंतपणाला. मी त्यांना नावं ठेवत नाही. ठेवली होती तेव्हा, भरपूर ठेवली होती, पण आता ठेवत नाही.

मग एका दुपारी एचआरच्या बाईंनी त्या मुलीला व्हिडिओ कॉलवर घेतलं. कॉल संपल्यावर लगेच तिने मला फोन केला होता, म्हणून तिचे शब्द माझ्या कानात जसेच्या तसे आहेत. "त्या लय गोड बोलून राह्यल्या होत्या, ताई. म्हने, तुमाले इथं समाधान दिसत नाई. म्हने, कधी कधी माणूस आन् जागा जुळत नाई. मी आइकून राह्यली होती. म्हटलं, त्याइचं झालं की मंग आपण बोलू. आपल्याले काय सवय हाये, मोठं मानूस बोलते तं मंधात तोडायचं नाई."

"मग?" मी विचारलं.

"मंग त्या म्हने, आपण दोघाइच्या संमतीनं येगळं होऊ. मी मनात म्हनून राह्यली होती, थांबा, आता बोलते. तं त्याइनं आभार मानले आन् कॉल बंद केला."

मी विचारलं, "तू काय म्हणाली होतीस मध्ये?"

ती म्हणाली, "हाव हाव करून राह्यली होती, ताई."

आमच्या कंपनीत प्रत्येक मीटिंगचा सारांश मशीन लिहितं. अर्ध्या तासात तो तिला आला. कर्मचाऱ्याने स्वमर्जीने राजीनामा देण्यास संमती दर्शवली. संध्याकाळ व्हायच्या आत तिचा लॅपटॉप उघडेनासा झाला.

मी गप्प बसणाऱ्यातली नाही. मी एचआरच्या बाईंना गाठलं. त्यांना माझ्या आईची गोष्ट सांगितली, मावशीची सांगितली, धाडच्या म्हाताऱ्याची सांगितली. म्हटलं, वऱ्हाडात कुठेही जा, कॉलेजच्या प्राध्यापकाला विचारा, भाजीवालीला विचारा, हाव म्हणजे नुसतं ऐकणं असतं. त्या शांतपणे ऐकत होत्या. मान हलवत होत्या. शेवटी म्हणाल्या, "पण हावला होकार अशी खूण तर तुमच्याच टीमने दिलीय ना? तुमच्या मैत्रिणीनेच ती मंजूर करून घेतली होती, असं नोंदीत दिसतं."

मी कॅमेरा बंद केला आणि उठून गिरणीच्या ओट्यावर जाऊन बसले. तिथल्या बायकांनी विचारलं, काय झालं व, कोनी गेलं का? मी नाही म्हटलं.

मीही नोकरी सोडणार होते. तिनेच सोडू दिली नाही. "तुमी बी गेल्या तं त्याइले बरंच हाये," म्हणाली. ती पुढे वर्षभर भांडली. परत घ्या असं तिने एकदाही म्हटलं नाही. तिचं म्हणणं एवढंच होतं की मी सोडलं नाही, मला काढलं, हे खरं ते लिहा. इंग्रजीत मेल, मराठीत मेल, फोन. प्रत्येक वेळी उत्तर तेच, अतिशय नम्र. तुम्ही आपल्या मर्जीने गेलात, तुमच्या पुढच्या वाटचालीस शुभेच्छा. मी तिला म्हणायचे, जाऊ दे ना, दोन्हीचा अर्थ एकच. ती चिडायची. "एकच कसा, ताई? मी सोडली म्हटलं तं त्याइनं काईच केलं नाई असं झालं ना."

त्याच काळात मशीन सुधारलं. तक्रार बंद करायच्या आधी ते विचारायला लागलं, आपला पंप चालू झाला आहे का? कंपनीने त्याची बातमी केली, टीमचे आभार मानले. मला ती बातमी पडद्यावर वाचून इतका संताप आला की हातातला चहा सांडला. मी तिला ते कळवलं. ती म्हणाली, बरं झालं. लोकाइचं तं काम झालं.

त्यानंतर कधीतरी माझ्या लक्षात आलं की फोनवर मी बोलत असताना पलीकडून काहीच आवाज येत नाही. मी दोन वाक्यं बोलायचे आणि थांबायचे. आहेस ना? "आहे, ताई." पुन्हा शांतता. मला सारखं वाटायचं फोन कट झाला. शेवटी एकदा मी वैतागून म्हटलं, "अगं, हुंकार तरी दे. भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं." ती म्हणाली, "आता निघतच नाई, ताई. तोंडातून निघायच्या आधी इचार येते."

दुसऱ्या दिवशी मी नांदुऱ्याची एसटी पकडली, तिथून जळगाव जामोदची. पूर्णेचा पूल ओलांडला की सातपुडा दिसायला लागतो, तो बघत मी चाचांना काय म्हणायचं याची उजळणी करत होते. चाचा म्हणजे तिचे वडील.

दुकानात ती गादीला दोरे घालत होती. दाभण आत, दाभण बाहेर. केसांवर, भुवयांवर कापूस. मला पाहून खूप हसली आणि चहा ठेवायला आत गेली. ती आत गेल्यावर चाचा हळू आवाजात म्हणाले, "बाई, तुमी तिले समजावा. मी लोकाइले सांगतो, पोरीनं आपल्या मर्जीनं नोकरी सोडली. ते मह्यावर रागावते. म्हनते, अब्बा, तुमी बी तेच सांगता."

मी गादीच्या कडेला बसले.

"काढली म्हटलं तं लोक इचारतात, काय केलं व्हतं पोरीनं? चोरी केली का? मी किती लोकाइले मशीनची गोष्ट सांगू? कोनाले समजन ते?" त्यांनी कापसाचा एक पुंजका उचलून गादीत दाबला आणि तिचं दाभण हातात घेतलं. "तिचं लगन व्हायचं हाये, बाई. मी खोटं बोललो तं कोनासाठी बोललो, तुमी सांगा."

मी त्यांना काय सांगणार? कंपनीचं खोटं आणि या माणसाचं खोटं, शब्द अन् शब्द सारखे होते. एकाने ते तिला फेकून द्यायला वापरलं आणि दुसरा ते पांघरूण म्हणून तिच्यावर घालत होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. चाचांनी पाहिलं आणि दुसरीकडे बघितलं.

ती चहा घेऊन आली तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं. जवळच्याच खेड्यातला शेतकरी, चाचांचा जुना ओळखीचा, मुलीच्या लग्नाच्या गाद्या सांगायला आलेला. बसला, पाणी प्यायला, आणि तिच्याकडे बघून म्हणाला, "चाचा, तुमची पोरगी तं कंपनीत मशीनले शिकवत होती म्हने ना? आता घरीच?"

चाचांचा हात थांबला. दाभण अर्धं गादीत, अर्धं बाहेर. ते तिच्याकडे बघेनात. सवयीने तोंडात आलेलं वाक्य माझ्यासमोर, तिच्यासमोर, त्यांना बोलवेना. पण गिऱ्हाईक वाट बघत होतं. त्याने आता तिलाच विचारलं, "काऊन व पोरी? कंपनीनं काढलं का?"

मी तिच्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता सांगेल. वर्षभर जे कुणी ऐकून घेतलं नाही ते ऐकायला इथे एक माणूस बसला होता, आणि त्याने नेमका तोच शब्द वापरला होता.

तिने आधी वडलांच्या हाताकडे पाहिलं. मग चहाचा कप त्या माणसाच्या समोर ठेवला आणि म्हणाली, "नाई, काका. मह्या मर्जीनं सोडली."

चाचांनी दोरा ओढला. माणूस चहा प्यायला आणि गाद्या कधी मिळतील ते विचारू लागला. तिनेच त्याला सांगितलं, बाजाराच्या दिवशी या.